ज्याचा दिवा, त्याचं बटण

१

तिला वाटलं होतं, शेडचं दार उघडताच धूळ अंगावर येईल. घरगाडीच्या चारही चाकांतली हवा गेलेली असेल, गाद्यांना उंदरांनी भोकं पाडली असतील, वायरी कुरतडून ठेवल्या असतील. बाबा मागे उभे राहून, 'बघ, तुझ्यामागं काय दशा झाली,' हे न बोलताच सांगतील. मग बापलेक बाह्या सरसावून कामाला लागतील आणि मधली नऊ वर्षं त्या धुळीबरोबर झटकली जातील. विमानात तिनं कामांची यादीसुद्धा करून ठेवली होती.

प्रत्यक्षात शेड झाडलेली होती. चाकांत हवा होती. गाद्यांवर धुतलेल्या चादरी होत्या आणि खिडक्यांना नवे, नीट चुण्या घातलेले पडदे होते. आणि बाबा? बायको गेलेला, मुलगी दुरावलेला, नऊ वर्षं एकटा राहिलेला माणूस जसा दिसायला हवा, तसे ते मुळीच दिसत नव्हते. अंगानं भरले होते. सदऱ्याची सगळी बटणं जागेवर होती. तिला पाहून म्हणाले, "आलीस? बस. चहा टाकतो." जणू ती कोपऱ्यावर दूध आणायला गेली होती.

बाप खुशाल आहे हे पाहून कुणाला वाईट वाटतं का? तिला वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

घरगाडी म्हणजे मुळात बेकरीतून दुकानोदुकानी पाव पोचवणारी व्हॅन. बाबा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. ती पाच वर्षांची असताना त्यांनी ही व्हॅन भंगारातून उचलून आणली, आत बाकं, स्वयंपाकाचा ओटा आणि अगदी मागं एक आडवा पलंग बसवला. सुट्टीत आई, बाबा आणि ती, तिघं त्यातून भटकायची. प्रत्येकाच्या डोक्यावर ज्याचा त्याचा दिवा होता. पिवळा बल्ब, त्यावर दुधी काचेची वाटी, खाली पितळेचं छोटं बटण. बाबांच्या घरात सोवळ्याओवळ्याचे नियम नव्हते, पण हा एक होता: ज्याचा दिवा, त्याचं बटण. दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही. आईला वाचता वाचता झोप लागली की तिचा दिवा सकाळपर्यंत जळे, बॅटरी उतरे, आणि मग बाबा शिव्या देत गाडी ढकलत. पण बटणाला बोट लावत नसत. "एखादा जागा आहे की झोपला, ते ज्याचं त्यानं ठरवावं," असं त्यांचं म्हणणं. आई गेली तेव्हाही त्यांनी तिच्या दिव्याचं बटण दाबलं नव्हतं. बल्बच काढून घेतला होता.

ती आत चढली आणि सवयीनं तीन दिवे पाहिले. आईच्या दिव्याचं बटण काळंहिरवं पडलं होतं. बाबांचं मळकट होतं. मागच्या पलंगावरचं, तिचं, लखलखत होतं. रोज बोट लागून लागून पितळ जसं होतं तसं. मधोमध थोडं झिजलेलंसुद्धा.

२

ती परत आली होती ती नुसती परतायला नाही. डोळे तपासायचं शास्त्र शिकून आली होती आणि डोक्यात एकच वेड होतं. शहरात चष्म्याची दुकानं एकाला एक लागून. आणि डोंगरातल्या वस्त्यांवर माणसं पन्नाशीतच आंधळ्यासारखी होऊन बसतात, कारण त्यांना कुणी नंबर काढून दिलेला नसतो. घरगाडीत तपासणीची खोली करायची आणि वस्तीवस्तीला जायचं. सगळ्यांत लांबच्या वस्तीवरच्या मास्तरांनी नावांची यादीही पाठवली होती. त्यात एक बाई होती, जी तांदळातले खडे बोटांनी चाचपून वेचायची. पहिली फेरी सोमवारी ठरली होती. राहिलं होतं ते आतल्या दिव्यांचं काम. पिवळ्या उजेडात डोळे तपासता येत नाहीत. स्वच्छ, पांढरा, सगळीकडे सारखा पडणारा उजेड हवा. एलईडीची फिटिंग तिनं येतानाच बॅगेत घालून आणली होती.

बटणाचं तिनं चहा पिताना विचारलं. बाबा म्हणाले, "पुसतो मी कधीमधी." पुसल्यानं पितळ चमकतं, मधोमध झिजत नाही. पण पहिल्याच दिवशी वाद कशाला, म्हणून तिनं चहा संपवला.

भिंतीपलीकडच्या घरात आत्या राहायची. बाबांची धाकटी बहीण; जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं. ती म्हणाली, "तुझ्या बापाची काळजी नको करूस, बाई. दुपारी जेवला की घरगाडीत जाऊन बसतो. तासन्‌तास गप्पा चालतात तुमच्या. मी म्हणते, एवढं काय बोलता? माझा नवरा चाळीस वर्षांत माझ्याशी तेवढा बोलला नाही."

"कुणाशी गप्पा?"

"घ्या. तुझ्याशीच ना, फोनवर? हसणं तर इथवर ऐकू येतं."

तिनं बाबांना दुपारी कधीच फोन केला नव्हता. इथं दुपार असली की तिच्याकडे मध्यरात्र असायची. फोन असायचा तो आधी दर रविवारी सकाळी, मग एक रविवार सोडून, मग परीक्षा असली की तेही नाही. आणि त्या फोनवर बाबा 'बरं', 'हो', 'जेवलीस का' याच्यापुढं गेल्याचं तिला आठवत नव्हतं. हसल्याचं तर नाहीच.

म्हणजे कुणीतरी आहे. पडदे कुणी शिवले, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. आत्या डोळे बारीक करून हसली. "शिवणवाल्या मावशींनी. सत्तरीच्या आहेत, दातही त्यांचे नाहीत. बापाचं लग्न लावायला निघालीस की काय?"

तीही हसली. पण त्या रात्री उशीवर डोकं टेकल्यावर तिच्या लक्षात आलं, सत्तरीची बाई असती तर बरं झालं असतं. तिला निदान चहाला बोलावता आलं असतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काम सुरू केलं. बॅटरीची वायर सोडवली, बाबांच्या दिव्याचे स्क्रू काढले, दुधी वाटी उतरवली. आतून नऊ वर्षांचे किडे सांडले. ओट्यावरचं आणि दारावरचं फिटिंग काढलं, आईचं रिकामं फिटिंग जपून फडक्यात गुंडाळलं. जुन्या वायरी निघाल्या त्या बाबा मांडीवर घेऊन सरळ करत बसले. वायर फेकायची नाही, हा त्यांचा जन्माचा धर्म. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, तरी बोटांना सगळं दिसत होतं.

ती बोलत होती, अगदी भरभरून. एका बाईला योग्य नंबरचा चष्मा मिळाला की घर कसं बदलतं, दृष्टी ही चैन नाही, हक्क आहे. बाबा मान हलवत होते. तिला वाटत होतं, आता ते वर बघतील आणि त्यांच्या डोळ्यांत तिला हवं ते दिसेल. त्यांनी वर पाहिलं ते ती पलंगाकडे वळली तेव्हा.

"तो राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, तिथंच तर पेशंट बसणार. तिथं पिवळा उजेड चालायचा नाही."

"बाकीचे बदल. सगळे बदल. तो राहू दे."

आवाज चढलेला नव्हता. पण लहान मूल झोपलेलं असताना आपण जसे बोलतो, तसं ते दबक्या आवाजात बोलले होते. तिला ते लागलं. तिचाच दिवा, आणि तो ते तिच्यापासून वाचवत होते.

तिनं वाद घातला नाही. चार नवी फिटिंग लावून झाली, बॅटरी जोडली, बटण दाबलं. पांढरा उजेड सगळ्या गाडीत भसकन भरला. कोपऱ्यातली सुई दिसावी असा. ती खूश होऊन मागं सरकली, आणि तिला दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या.

रेघा जुन्याच. तिच्या दर वाढदिवसाला बाबा तिला तिथं उभी करून उंची मांडायचे आणि बाजूला वर्ष लिहायचे. अठराव्या वर्षाची रेघ शेवटची असायला हवी होती; त्याच वर्षी ती गेली होती. पण ती शेवटची नव्हती. तिच्यावर आणखी रेघा होत्या. एकमेकींना खेटून, बाबांच्या हातच्या, प्रत्येकीशेजारी वर्ष. तिनं मोजल्या. नऊ.

पिवळ्या उजेडात त्या लाकडाच्या रंगात मिसळून गेल्या असणार. बापाची माया, तिनं स्वतःला सांगितलं. मुलगी समोर नाही म्हणून अंदाजानं मांडत राहिला. हे पाहून कुणाचेही डोळे भरून येतील. तिचेही येत होते. मग तिनं चप्पल काढली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

शेवटची रेघ तिच्या डोक्याच्या बोटभर वर होती.

४

डोळ्यांचं शास्त्र शिकताना तिनं वाचलं होतं, दृष्टी अधू झालेल्या माणसांना कधी कधी समोर माणसं दिसतात. वेड नसतं ते. डोळा जी जागा रिकामी ठेवतो, ती मेंदू भरून काढतो. बाबांचा मोतीबिंदू, त्यात एकटेपणा. सगळं जुळत होतं. सोमवारच्या फेरीआधीच शस्त्रक्रियेचं बघायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं. पलंगाच्या गादीत मधोमध बसून बसून खळगा पडला होता. बाबा आपल्या बाकावरच बसायचे. त्या खळग्याचं मात्र तिनं काही ठरवलं नाही.

जेवण झाल्यावर बाबा शेडकडे गेले. ती भांडी तशीच टाकून मागोमाग गेली. चोरासारखं, हे तिला कळत होतं. भर दुपार होती, पण शेडला खिडकी नव्हती. दार लोटलं की आत संध्याकाळ व्हायची. घरगाडीचे नवे दिवे बंद होते. मागच्या पडद्याआडून मात्र पिवळा उजेड गळत होता.

बाबा बोलत होते. शब्द नीट कळत नव्हते, पण लय कळत होती. बोलणं, मग थांबणं. ते थांबणं एकटं बडबडणाऱ्याचं नव्हतं. ऐकणाऱ्याचं होतं, कधी लांब, कधी तोकडं, मध्येच एक "हं". मग ते हसले. असे हसले की तिला आपलं सहावं वर्ष आठवलं. आणि म्हणाले, "पुरे गं, ठिणगे."

तिनं घरगाडीच्या दाराची कडी धरली. ठिणगी हे तिचं नाव. लहानपणी चटकन पेटायची म्हणून त्यांनीच ठेवलेलं. परत आल्यापासून त्यांनी एकदाही तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. त्यांना ते आठवत नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

तिनं दार ओढलं.

खट्‌. पिवळा उजेड गेला. तो आवाज तिनं हजारदा ऐकला होता, पितळेच्या बटणाचा. तिनं नवा दिवा लावला तेव्हा बाबा आपल्या बाकावर बसलेले दिसले, पलंगापासून चांगले चार हात लांब. दोन्ही हात पुढं धरलेले, आणि दोन्ही पंजांत जुन्या वायरीची लड अडकवलेली. लहानपणी ती अशीच गुंडाळायची वायर: बाबा लड धरायचे, ती टोक घेऊन भेंडोळं करायची. पलंगावर, खळग्याशेजारी, अर्धं झालेलं भेंडोळं पडलं होतं. गोल, घट्ट, नीटस. तिला तसं कधीच जमलं नव्हतं. तिचं भेंडोळं नेहमी ढिलं व्हायचं.

"दिवा कुणी घालवला, बाबा?"

बाबांनी आपल्या अडकलेल्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. असलाच तर संकोच होता. पाहुणी अवेळी आली की होतो तसा.

५

"तू गेलीस त्या दिवशी सकाळी आपलं भांडण झालं होतं," बाबा म्हणाले. ती दोघं शेडच्या उंबऱ्यावर बसली होती. "तू रुसून घरगाडीत जाऊन बसलीस. मग टॅक्सी आली. तू तशीच उठून गेलीस."

तिला आठवत होतं. ती मागं वळून पाहत होती, आणि बाबा फाटकापर्यंतसुद्धा आले नव्हते. इतकी वर्षं तिनं ते त्यांच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

"मी इथं आलो होतो. तुझा दिवा चालू होता."

"मग घालवायचा."

"कसा? तुझा दिवा." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "म्हटलं, बॅटरी उतरेल आणि जाईल आपोआप. दोन दिवस झाले, चार झाले. मी रोज येऊन बसायचो. सातव्या दिवशी मी इथं बसलेलो असताना बटणाचा आवाज झाला आणि दिवा गेला. बरं वाटलं मला. म्हटलं, झोपली."

विचारायला हवं होतं ते असं: माझ्या फोनची वाट पाहत होता का? पण त्याचं उत्तर तिला समोर दिसत होतं. वाट पाहायची गरजच पडली नव्हती त्यांना.

मग बाबा उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आल्यापासून पहिल्यांदाच, आणि खूप मायेनं म्हणाले, "सोमवारी तू जा बिनघोर. गाडी ने, महिना लागू दे, दोन लागू देत. चांगलं काम आहे तुझं. तो दिवा तेवढा काढून माझ्या खोलीत लावून दे. माझी काळजी नको. मला सोबत आहे."

तिला दुखवायला ते हे बोलले नव्हते. म्हणूनच ते सुरीसारखं आत गेलं.

६

दुसऱ्या दिवशी आत्या बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. शस्त्रक्रियेची वेळ हिनंच घेऊन दिली होती. आत्या जाताना म्हणाली, "बापाचे डोळे उघडतायत, तोवर तू जेवून घे. आल्यापासून धड जेवली नाहीस. चेहरा बघ, कुणाची सवत आल्यासारखा झालाय."

दोघं गेल्यावर तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला. दिवा काढायचा होता, पण बाबांच्या खोलीत लावायला नाही. काच फोडायची, पितळ भंगारात द्यायचं. बाबांना सांगायचं, काढताना तुटला. स्वतःशी ती म्हणत होती, हे त्यांच्याच भल्यासाठी आहे. भासाला खतपाणी घालायचं नसतं. हात मात्र वेगळ्याच रागानं चालत होता.

स्क्रू सहज फिरले. रोज तेल दिल्यासारखे. फिटिंग हातात आलं, मागच्या दोन वायरी लोंबत राहिल्या. बॅटरी तिनं आधीच सोडवली होती, तरी दुधी वाटी कोमट होती. तिनं तो दिवा डाव्या हातात धरला, नवं फिटिंग जोडलं, बॅटरी लावून आली. ओट्यावरचा पांढरा दिवा लागला, बाबांचा लागला. पलंगावरचा लागला नाही. एलईडीला वायरी उलट्या चालत नाहीत, म्हणून तिनं त्या अदलून पाहिल्या. तरी नाही. मीटर लावला, वीज पोचत होती. दिवा घेत नव्हता.

तेव्हा तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. पडदा सरकलेला होता. बाहेर शेडचा अंधार असल्यामुळं काच आरशासारखी झाली होती. तीत घरगाडी आतून दिसत होती: बाक, ओटा, पांढरे दिवे, हातात जुना दिवा घेऊन पलंगाशी उभी असलेली ती. आणि पलंगावर पिवळा उजेड.

तिनं पलंगाकडे पाहिलं. रिकामी गादी, मधला खळगा, नवं न लागलेलं फिटिंग. पुन्हा काचेत पाहिलं. पिवळ्या उजेडाखाली कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलं होतं आणि मान खाली घालून वायर गुंडाळत होतं. वेणी खांद्यावरून पुढं आली होती, कमरेच्याही खाली पोचणारी. तिनं स्वतःची वेणी परदेशातल्या पहिल्याच थंडीत कापून टाकली होती. कापली नसती तर आत्ता बरोबर एवढी झाली असती.

काच वाकडी असेल. दोन दिव्यांची प्रतिबिंबं एकात एक गेली असतील. डोळे थकलेत. तीन कारणं तिनं मनात ओळीनं मांडली, आणि तिसरं मांडताना तळहातातला जुना दिवा तापू लागला. वायरी हवेत लोंबत होत्या. दिवा कशालाही जोडलेला नव्हता.

मग तिला आठवलं, हा दिवा तिचा आहे. बटणही तिचं. नऊ वर्षांपूर्वी जे करायचं राहून गेलं, ते आत्ता केलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. तिनं अंगठा पितळेवर ठेवला आणि दाबला.

बटण खाली गेलं नाही. अडकलेलं बटण टणक लागतं; हे तसं नव्हतं. ते खालून वर येत होतं, मऊपणानं, जोर ओळखून. ती जेवढं दाबे तेवढंच उलटं. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा तिच्या अंगठ्याला टेकलेला असावा असं. तिनं दोन्ही हातांनी दाबलं. दात आवळले गेले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मनात एवढंच होतं: तो माझा बाप आहे, माझा.

"भांडू नका गं," दारातून बाबांचा आवाज आला.

ते काठी टेकत उभे होते. दवाखान्यातून आलेली हिरवी पट्टी उजव्या डोळ्यावर. डावा, चांगला डोळा तिच्याकडे नव्हता आणि पलंगाकडेही नव्हता. दोघींच्या मधल्या जागेकडे होता, भांडणाऱ्या मुलींकडे बाप बघतो तसा.

काचेतल्या तिनं तेव्हा मान वर केली. तिनंही हिच्याकडे पाहिलं नाही. बाबांकडे पाहून ती हसली. क्षणभर चेहरा दिसला. हिचाच चेहरा, पण कधीही कुठंही न गेलेला.

खट्‌. सगळे दिवे गेले, नवेसुद्धा. अंधारात बाबांचे हात आले आणि तिच्या मुठीतून जुना दिवा अलगद सोडवून घेतला. त्यांनी नवं फिटिंग उतरवून तो जागेवर बसवला, वायरी जोडल्या, स्क्रू आवळले. सगळं न बघता. बटणाला त्यांनी हात लावला नाही. तरी तो लागला.

७

सकाळी ती उठली तेव्हा निर्णय झालेला होता. रात्रीतून कधी झाला, तिला सांगता आलं नसतं.

घरगाडीतले चारही नवे दिवे तिनं एकेक करून उतरवले आणि खोक्यात घातले. आणलेली चष्म्याची खोकी शेडच्या कोपऱ्यात रचली, वर फडकं टाकलं. मास्तरांना निरोप पाठवला: सोमवारी येणं जमत नाही, पुढचंही सांगता येत नाही, दुसरी सोय पाहावी. त्यांचं लगेच उत्तर आलं, की लोक कालपासून विचारत आहेत, निदान त्या तांदूळवाल्या बाईपुरतं तरी यावं. तिनं ते वाचलं. आठवड्यापूर्वी असं वाचून ती अनवाणी धावत गेली असती. तिनं फोन पालथा ठेवला. ती बाई आणखी काही दिवस बोटांनी वेचेल. बोटांनी पुष्कळ दिसतं.

आत्या फाटकातून विचारत होती, गाडी धुवायला बादली हवी का. ती म्हणाली, "नको. गाडी कुठं जात नाही. मीही नाही." आत्यानं हुश्श केलं. "देव पावला. बापाजवळ कुणीतरी हवंच."

ती पलंगावर चढली. खळगा ऊबदार होता. एकीला पुरेल एवढाच होता, पण ती बसली. सरकून, रेटून, जागा करून. वरचा दिवा चालू होता. बटणाकडे तिनं हात नेला नाही. एकदा न विझवता गेलं की काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. या वेळी उठून जाणारी ती नसेल. बसून राहायचं. ती दुसरी दमेपर्यंत.

जेवणाआधीच बाबा आले. तिला पलंगावर पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि कुणासाठी उजळला हे तिनं विचारलं नाही. ते आपल्या बाकावर बसले. वायरीची लड पंजांत अडकवून त्यांनी हात पुढं केले.

"घे गं," ते म्हणाले.

तिनं झटकन टोक पकडलं, दुसरं कुणी पकडायच्या आत. लडीला दोन टोकं असतात. दुसरं टोक गादीवरून सावकाश उचललं गेलं आणि वायर ताणली गेली, अगदी हलकेच. तिनं पकड घट्ट केली आणि गुंडाळायला लागली.